डेल्फीच्या सहलीचा दिवस

माझा धंदा लोकांना फिरवण्याचा आहे. नांदेडची एक छोटी सहल कंपनी दर उन्हाळ्यात आमच्या भागातली तीस-पस्तीस माणसं ग्रीसला नेते आणि त्यांच्याबरोबर टूर मॅनेजर म्हणून मी जातो. मुक्काम अथेन्सला. तिथून रोज सकाळी बस निघते, एखादं जुनं ठिकाण दाखवते आणि संध्याकाळी परत आणून सोडते. एक दिवस डेल्फी, एक दिवस मायसिनी, एक दिवस समुद्राकाठचं देऊळ. तिथल्या कायद्याप्रमाणे अशा जागी माहिती सांगायला परवाना असलेली स्थानिक गाइडच लागते. ती इंग्रजीत सांगते आणि मी तिच्या शेजारी उभा राहून मराठीत. बारा वर्षं मी दुसऱ्याचं बोलणं बोलतोय. त्यामुळे मला एक सवय जडली आहे. डोकं कुठेही असलं तरी तोंड चालू राहतं.

लोकांना वाटतं, काय मजा आहे याची. मजा म्हणजे पस्तीस माणसांचे पासपोर्ट, पस्तीस माणसांचे गुडघे आणि जेवणात तिखट नाही ही पस्तीस माणसांची एकच तक्रार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या खांबापुढे उभं राहून माणसं विचारतात, "सर, बाथरूम कुठंशी हाय?" मी चिडत नाही. चिडायचो, पहिली दोन-तीन वर्षं.

मी नांदेडला एकटा राहतो, लग्न केलं नाही. माय लातूरला थोरल्या भावाकडे असायची. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. अण्णाचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आहे. मी परदेशात असलो की रोज सकाळी बस निघायच्या आधी मायला फोन करायचो आणि ती ठरलेला प्रश्न विचारायची, "आज काय दाखवायलास?" श्रीशैल आणि कपिलधार सोडून ती कुठे गेली नव्हती. पण मी सांगितलं की ती असे प्रश्न काढायची की माझ्या गाइडबाईलाही उत्तर यायचं नाही. एवढ्या उंच डोंगरावर देऊळ बांधलं तर पाणी कोण वाहायचं? यात्रेला आलेल्या बाया कुठे न्हायच्या? तिचे प्रश्न मी पाहुण्यांना सांगायचो. "माझी माय विचारते," असं म्हटलं की पाहुणे हसायचे आणि गाइडचं नीट ऐकायचे.

डेल्फीचं मी तिला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हाचं लक्षात आहे. तिथे अपोलोच्या देवळात एक पुजारीण तिवईवर बसायची. दूरदूरहून माणसं यायची, लढाईला जाऊ की नको, परगावी जाऊ की नको असं विचारायची आणि तिच्या अंगात येऊन ती उत्तर द्यायची. माय म्हणाली, "मग माहूरला काय कमी हाईत अंगात येणाऱ्या? आपल्यात असलं न्हाई बाबा. आपलं लिंग हातावर घ्यायचं अन् आपलं आपुन इचारायचं."

आम्ही लिंगायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात स्वतःचं इष्टलिंग असतं, चांदीच्या डबीत. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. माणूस गेलं की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, बसलेलंच नेतात आणि खड्ड्यात बसवलेलंच ठेवतात. त्या वेळी त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायचं. आमच्या घरात हे काम मुलाने करायचं, जंगम, म्हणजे आमचे पुरोहित, शेजारी बसून मंत्र म्हणतात. मायने हे काम मला सांगून ठेवलं होतं. एकदा पूजा आटोपताना अण्णादेखत म्हणाली, "थोरला रोजच करतोय माझं. हातावर लिंग तेवढं धाकट्यानं ठिवावं." अण्णा हसला. मीही हसलो. बाकी तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मी फोन लावला तर तिने उचलला नाही. पूजेला बसली असेल म्हणून सोडून दिलं.

बस अथेन्सबाहेर पडून सपाट रानाला लागली. डेल्फीच्या वाटेवर पहिले दीड-दोन तास कापसाची रानं लागतात. दरवेळी आमचे पाहुणे इथे वेडे होतात. अथेन्सची टेकडी आणि ते जगप्रसिद्ध मंदिर बघताना जांभया देणारी माणसं उठून काचेला नाक लावतात. "अहो, कापूस हाय की हा!" "दोन वळीतलं अंतर बघा, केवढं कमी ठिवलंय." उदगीरचे एक काका ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगत होते आणि मी त्यांना महामार्गावर थांबता येत नाही हे समजावत होतो. तेवढ्यात मायच्या नंबरवरून फोन आला. मी उचलून म्हणालो, "काय, झाली का पूजा?"

अण्णा होता. म्हणाला, "माय गेली रे."

मी विचारलं, "कवा?"

"सकाळी आठला. पूजेला बसली ती बसलेलीच ऱ्हायली. डॉक्टर येऊन गेले."

माझ्या मागे कोणीतरी म्हणत होतं की ह्या कापसाला बोंडअळी पडत नसणार, थंडी आहे ना इथे. अण्णा पुढे सांगत होता. उन्हाळा आहे, आज संध्याकाळी न्यावं असं सगळे म्हणतात, पण बर्फाचा इंतजाम होतो. जंगमांना विचारलंय, उद्या दुपारपर्यंत थांबता येईल म्हणतात. "तिनं तुला सांगून ठिवल्यालं हाय," तो म्हणाला. "तू येतूस का? येत असशील तर आम्ही थांबतो. उद्या दुपारपातूर."

"बघतो," मी म्हणालो. "सांगतो."

मग मी माइक हातात घेतला आणि डाव्या हाताला थीब्ज गाव आहे, फार जुनं, असं सांगितलं.

मला काही वाटलं नाही. हे लिहायला बरं दिसत नाही, पण तसंच झालं. रडू येईल म्हणून मी वाट बघितली. काळा चष्मा लावून तयार बसलो. काहीच आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं, एवढंच.

चहा-कॉफीला बस थांबली तिथून मी नांदेडला कंपनीच्या मालकांना फोन करून सांगितलं, कारण तसा नियम आहे. मालक चांगला माणूस. अर्ध्या तासात त्यांनी परत फोन केला. संध्याकाळच्या विमानात एक जागा होती. सकाळी हैदराबाद, तिथून गाडी करून दुपारी एकपर्यंत लातूर. डेल्फीहून विमानतळावर न्यायला टॅक्सीही त्यांनी बघून ठेवली होती. "गाइडबाईशी बोललोय मी. ती आजचा आणि उद्याचा दिवस सांभाळते. परवा मी दुसरा माणूस पाठवतो. तुम्ही फक्त बाराच्या आत मला हो म्हणा. बाराला तिथून निघालात तर विमान गाठता." शेवटी म्हणाले, "तुमची आई आहे. टूर-बिर विसरा."

घड्याळात साडेनऊ वाजले होते. म्हणजे हो म्हणायला अडीच तास. मालकांनी माझ्या फोनवर जागेचा नंबरसुद्धा पाठवला, सत्तावीस सी. मी तो वाचला आणि पाहुण्यांची डोकी मोजली. दोन कमी भरली. ती दोघं बाथरूमला होती.

डेल्फी डोंगराच्या अंगावर आहे. खालच्या फाटकातून तिकिटं दाखवून आत शिरलं की दगडी वाट वळणं घेत वर चढते. दोन्ही बाजूंना पडक्या भिंती, ओटे, कोरलेली अक्षरं. गाइडबाई पुढे होती. पन्नाशीची, सडपातळ, चढावर जराही धापा न टाकणारी. तिला माझी बातमी कळली होती. फाटकाशी तिने माझ्या दंडाला हात लावून विचारलं, जाताय ना? मी म्हणालो, बघू. तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. मीही केली. या गावाने या विजयाबद्दल हा खजिना बांधला, त्या गावाने त्या विजयाबद्दल तो. माझं तोंड सरळ चाललं होतं. एका ठिकाणी तर मी म्हणालो, "माझी माय विचारते, एवढ्या उंचावर पाणी कोण वाहायचं?" पाहुणे हसले. मी त्यांना झऱ्याची जागा दाखवली.

त्या वाटेवर एका बाजूला एक दगड ठेवलेला आहे. कमरेएवढा, करडा, खाली रुंद आणि वर निमुळता, गोलसर. त्या काळी डेल्फी म्हणजे पृथ्वीची बेंबी समजत आणि त्याची खूण म्हणून असा दगड असे. खरा जुना दगड संग्रहालयात आहे. बाहेर आहे तो साधा. गाइड एवढं सांगून पुढे सरकते. मी दरवेळी आमच्या लोकांना आधीच बजावतो की हात लावायचा नाही. त्या दिवशी बजावायचं राहिलं.

आम्ही दहा पावलं पुढे गेलो असू. मागून शिट्टी वाजली, लांब आणि कर्कश. वळून बघितलं तर उदगीरचे काका आणि काकू दगडापुढे उभे होते. काकांनी पायातले बूट काढले होते. खिशातल्या पुडीतून विभूतीचा खडा काढून त्यांनी दगडावर तीन बोटांचे तीन आडवे पट्टे ओढले होते, अगदी नीट, एकसारखे. काकू शेजारच्या झाडाची तीन पानं तोडून वर ठेवत होत्या. पहारेकरी बाई शिट्टी तोंडात धरून धावत येत होती.

"काका, हे काय केलंत?" मी म्हणालो.

"सर, लिंग हाय हे," काका म्हणाले. चेहरा इतका आनंदी की काय सांगावं. "तुम्ही सांगितलंच न्हाई. आपलं लिंग हाय इथं. कोणीच पुजलेलं न्हाई बघा कधीचं."

पहारेकरी बाई ग्रीकमध्ये ओरडत होती. गाइड तिची समजूत घालत होती. पोलिसांना बोलवायचं चाललं होतं. मग गाइडने मला इंग्रजीत सांगितलं की पुसून टाका, लगेच, पाण्याने, म्हणजे प्रकरण मिटेल. मी बाटलीतल्या पाण्याने रुमाल भिजवला आणि दगडापुढे वाकलो.

काकू म्हणाल्या, "पुसू नका हो सर. लावल्याली विभूती पुसत न्हाईत."

मी पुसली. पहिला पट्टा, मग दुसरा, मग तिसरा. दगड खरखरीत होता, भस्म खाचांत शिरलं होतं, त्यामुळे जोर लावावा लागला. आत्ता लातूरला कोणीतरी मायच्या कपाळाला हेच लावत असेल, हे माझ्या लक्षात आलं. तेही असं, जसं गॅस बंद करायचा राहिला हे लक्षात येतं. मी पानं उचलली, रुमालात गुंडाळली आणि खिशात टाकली. काकांनी तोंड फिरवलं होतं. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

वर देवळाच्या खांबांपाशी पोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. गाइडने पुजारणीची गोष्ट सांगितली. माणसं कुठून कुठून यायची, नंबर लावायची आणि एक प्रश्न विचारायची, जाऊ की नको. मी मराठीत सांगितलं. एका बाईंनी विचारलं, मग उत्तर पटलं नाही तर? गाइड म्हणाली, तर परत विचारायचं. सगळे हसले आणि फोटो काढायला पांगले.

गाइड माझ्याजवळ आली. म्हणाली, खाली टॅक्सी आली आहे, तुमची बॅग बसमधून काढून देते, तुम्ही जा. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्या वेळी गाइड आईजवळ नव्हती, वादळात तिची बोट अडकली होती. हे तिने मला सांगितलं. मी मान हलवली. मला कळत होतं की ही बाई माझ्या भल्याचं सांगते आहे. मला हेही कळत होतं की फक्त उतरायचं आहे, दोन-तीनशे पावलं, आणि गाडीत बसायचं आहे. बाकी सगळं इतरांनी करून ठेवलं होतं. पाय निघाले नाहीत. दुःखाने निघाले नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिथे मला काय करायचं ते माहीत होतं. अजून नाट्यगृह, मग वरचं मैदान, मग संग्रहालय, मग जेवण. लातूरला मला काय करायचं ते एकच होतं, आणि ते करताना मला असंच काही वाटलं नाही तर? लोकांदेखत, मायच्या तळहातापुढे? त्याचीच मला भीती वाटली असावी. असावी म्हणतो, कारण भीतीही नीट वाटत नव्हती.

मालकांचा फोन आला. मी म्हणालो, "नको. पाहुण्यांची गैरसोय होईल. इंग्रजी कोणालाच धड कळत नाही."

मालक म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं."

मग मी अण्णाला फोन केला. "तिकीट नाही मिळालं," मी म्हणालो. "एकही सीट नाही. थांबू नका तुम्ही."

अण्णा म्हणाला, "बघ अजून. ऐन वेळेला मिळतंय कवा कवा."

"नाही मिळत. थांबू नका."

"बरं," तो म्हणाला. "साडेसहापातूर बघतो."

लातूरचे साडेसहा म्हणजे तिथले चार. चारला आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. पोटभर जेवण झालं होतं आणि मागच्या बाकांवर अंताक्षरी रंगली होती. मी घड्याळ बघत होतो. चार वाजले. आता बसवलं असेल, माझ्या मनात आलं. आता माती. माझ्याकडे माइक देऊन कोणीतरी म्हणालं, "सर, म वरनं." मी एक गाणं म्हटलं, दोन ओळी. टाळ्या पडल्या. मग मी माझा फोन बंद केला. कंपनीने दिलेला तिथला फोन होताच, पाहुण्यांचं अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायसिनी झालं. संध्याकाळी हॉटेलवर फोन चालू केला तर अण्णाचा एकच शब्द आला होता, "झालं." मी त्यावर "हं" लिहिलं. कधी पाठवलाय ते बघितलं नाही. पुढचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. निरोपाच्या जेवणात पाहुण्यांनी मला शाल दिली. ह्या टूरला सरांनी सगळ्यात चांगलं डेल्फीच सांगितलं, असं एकाने उठून सांगितलं. त्यांच्यातल्या कोणालाही मी काही कळू दिलं नव्हतं.

हैदराबादला उतरून देगलूरमार्गे नांदेडला आलो, सगळ्यांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लातूरला गेलो. अण्णा स्टँडवर घ्यायला आला होता. डोक्याचे केस काढलेले नव्हते, आमच्यात काढत नाहीत. आधी तो मला तिकडेच घेऊन गेला. मातीचा ओला-कोरडा उंचवटा, वर सुकलेली बेलाची पानं. मी नमस्कार केला. पानं किती आहेत ते बघत उभा राहिलो. अण्णा दोन पावलं मागे थांबला होता, मला मोकळं रडता यावं म्हणून. बराच वेळ थांबला बिचारा.

घरी आल्यावर वहिनीने वाढलं. जेवता जेवता मी नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "अंधार पडायच्या आत झालं ना सगळं त्या दिवशी?"

"कोणत्या?" अण्णा म्हणाला.

"त्याच. सोमवारी."

"सोमवारी कुठं? मंगळवारी नेलं." त्याने पाणी घेतलं. "सोमवारी साडेसहा वाजून गेल्यावर तुला फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. मी म्हणलो, मिळालं तिकीट, बसला विमानात. दरसाल सिद्धेश्वराच्या जत्रेला येत न्हाई म्हणतूस अन् ऐन वेळेला दारात उभा ऱ्हातूस, तसंच वाटलं. मग मी कोणालाच उचलू दिलं न्हाई. रातभर बर्फाच्या लाद्या लावून बसवून ठिवली तिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बी फोन बंद, मग तर खात्रीच झाली. पाहुणे नावं ठिवलाले, पण म्हणलो येतोय धाकटा, तिनं सांगितल्यालं हाय. दोनपातूर थांबलो. दोनला जंगम म्हणले, आता न्हाई थांबता येत. मग मीच ठिवलं तिच्या हातावर."

दोन म्हणजे तिथले साडेअकरा. मंगळवारी साडेअकराला मी मायसिनीच्या मोठ्या थडग्यात होतो. ती दगडी घुमटाची गोल खोली आहे, आतून रिकामी, टाळी वाजवली की आवाज चहूकडून परत येतो. मी पाहुण्यांना गोल उभं केलं होतं आणि तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवायला सांगितलं होतं. फार छान घुमल्या म्हणून त्यांनी पुन्हा वाजवल्या.

माझा घास हातातच होता. तेव्हा मला वाटलं, पहिल्यांदा. घास मी परत ताटात ठेवला.

अण्णाने ते बघितलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझी काय चूक हाय त्यात. त्या विमानवाल्याला मी लई शिव्या घातल्या. एवढालं विमान अन् एक बी सीट नसावी?"

"नव्हती," मी म्हणालो.